२५००एक्सचा मायक्रोस्कोप, बेकरीचं यीस्ट आणि खोक्यावरचा शेंगदाणा

पाचपैकी साडेतीन. एक तारा बारीक फोकसच्या बटणासाठी कापला, अर्धा खोक्यावरच्या चित्रासाठी. चित्रासाठी कोण तारे कापतं, असं वाटेल, पण त्या चित्राशी माझं जुनं वैर आहे.

मी अमळनेरचा. एका कॉलेजात जीवशास्त्राच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं असिस्टंट होतो. शिकवायचं काम सरांचं. कांदा सोलणं, आयोडीन गाळणं, कव्हरस्लिपा पुसणं आणि पोरांनी फोडलेल्या स्लाइडींचा हिशेब ठेवणं माझं. रिटायर झालो आणि पहिल्या दोन महिन्यांत घरातले सगळे चष्मे पुसून झाले. मग बायकोच म्हणाली, एखादं यंत्र घ्या अन् वरच्या खोलीत बसा. ८,४०० रुपयांना हा मायक्रोस्कोप ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच घाटाचे, याच खोक्यातले मायक्रोस्कोप दहा नावांनी विकले जातात, आणि मी लिहितोय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

खोकं मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं. कुरिअरवाला पोरगा जिना चढून आला आणि म्हणे, "आप्पा, मिक्सर शे का?" वजन तसंच होतं, आणि वजन ही चांगली गोष्ट. बूड जड, स्टँड लोखंडी. प्लास्टिकचं खेळणं नाही. सोबत इमर्शन ऑइलची (शंभरच्या भिंगाखाली घालायच्या तेलाची) बाटली होती, ती वाटेत गळून सगळा थर्माकोल चिकट झालेला. फोन केला तर "तेल वॉरंटीत येत नाही" असं उत्तर. तेल वॉरंटीत येत नाही हे खरंच, पण झाकण नीट लावणं कशात येतं?

आता ते चित्र. खोक्यावर इंग्रजीत छापलंय की यातून २५०० पट मोठं दिसतं, मायटोकॉन्ड्रिया बघा. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीच्या आतले, श्वसन करून ऊर्जा देणारे भाग. खाली नारिंगी रंगाचा, मधोमध कापलेला शेंगदाणा आणि आत जिलबीसारख्या घड्या. हेच चित्र आमच्या लॅबच्या भिंतीवर होतं. चार्ट मीच टांगला होता, खिळा मीच ठोकला होता, दर दिवाळीला मीच पुसायचो. प्रॅक्टिकलला पोरं स्लाइडमध्ये तोच शेंगदाणा शोधायची आणि दिसला नाही की माझ्याकडे बघायची.

आधी २५०० चा हिशेब करू. ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडकडची भिंगं, चार: ४, १०, ४० आणि १००. आयपीस, म्हणजे डोळ्याकडची, दोन: १० आणि २५. शंभर गुणिले पंचवीस, अडीच हजार. गुणाकारात चूक नाही. पण शंभरच्या ऑब्जेक्टिव्हवर १.२५ असा एक बारीक आकडा कोरलेला असतो. ते न्यूमरिकल अॅपर्चर, भिंग किती रुंद कोनातून उजेड घेतं त्याचं माप. त्याला हजाराने गुणलं की आलं १२५०. जुन्या लोकांचा हा ठोकताळा: त्यापुढचं मोठेपण फुकाचं. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो दोन बोटांनी ताणला तर चेहरा मोठा होतो, नाकावरचा तीळ काही नव्याने उगवत नाही. या भिंगाला पाव मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. हा दोष कंपनीचा नाही, उजेडाचा आहे. म्हणून २५ चा आयपीस मी पहिल्याच दिवशी पुडीत बांधून कपाटात टाकला. तुम्हीही टाका.

पहिली स्लाइड यीस्टची लावली. गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, तिथून चमचाभर कोरडं यीस्ट आणलं, कोमट साखरपाण्यात वीस मिनिटं ठेवलं. पाववाल्याला वाटलं, मी घरी पाव लावतोय. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला चित्र फार छान येतं, इथे तक्रार नाही. भिजलेल्या साबुदाण्यासारख्या गोल-लांबट पेशी, आणि चार-पाचांतल्या एकीच्या कुशीला बारीक फुगवटा. दहावीच्या पुस्तकात कलिकायन म्हणतात ते हेच. कव्हरस्लिपच्या चारी कडांना व्हॅसलीन लावलं, म्हणजे आमच्याकडच्या कोरड्या हवेत थेंब सुकत नाही, आणि एकाच पेशीवर डोळा ठेवून बसलो. सात-दहाला टाचणीच्या डोक्याएवढी कळी. पावणेनऊला तीच कळी आईच्या जवळपास पाऊण. खायला भरपूर आणि ३० अंशांच्या आसपास ऊब असली की यीस्टची एक पिढी दीड तासात होते. चहा दोनदा झाला. बायकोला बोलावलं. तिने आधी नेहमीसारखी चुकीच्या डोळ्याने सुरुवात केली: "माले त काहीच दिखी नही राहिनं." मग दिसलं, तेव्हा म्हणाली, "हाई त इडलीले इडली चिकटेल शे."

या इडलीच्या आत मायटोकॉन्ड्रिया दिसल्या का? नाही. शंभरच्या ऑब्जेक्टिव्हला, तेल घालून, डायफ्रॅम (उजेडाची झडप) कमीजास्त करूनही नाही. आत एक मोठी पोकळी दिसते, ती व्हॅक्युओल. बाकी सगळं पिठूळ.

मी खोक्याचा फोटो पुतणीला पाठवला. ती पुण्याला यीस्टवरच पीएच.डी. करते. तिचा फोन आला तो हसतच. "आप्पा, तो शेंगदाणा यीस्टमध्ये मिळणारच नाही तुम्हाला. एका पेशीत किती मायटोकॉन्ड्रिया, असं विचारायचंही नाही. आत्ता जाळं असेल, थोड्या वेळाने त्याचे चार तुकडे, मग पुन्हा जाळं." तिने एक क्लिप पाठवली. तिच्या लॅबमध्ये मायटोकॉन्ड्रियाला हिरवं चमकणारं प्रथिन जोडतात आणि फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोपखाली फिल्म काढतात. कांद्याची ती जाळीची गोणी असते ना, ती पेशीच्या आतून भिंतीलगत पसरून ठेवावी तसं दिसत होतं. आणि ती गोणी जिवंत. एका नळीचं टोक सरकत दुसरीच्या कुशीला लागतं आणि चिकटतं. दुसरीकडे तिठ्यावर एक फांदी तुटते. एका पेशीत दोन-तीन मिनिटांत असं काहीतरी घडतंच. मी ती क्लिप किती वेळा बघितली ते बायकोला विचारा.

मराठी पुस्तकात मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका म्हणतात. पोरं या शब्दाला नाकं मुरडायची, मला मात्र आता तो इंग्रजीपेक्षा बरा वाटतो. १८९८ मध्ये कार्ल बेंडा या जर्मन माणसाने धागा आणि कण या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून मूळ नाव केलं, तंतुकणिका त्याचंच शब्दशः मराठी. म्हणजे नावात धागा पहिल्यापासून होता. चार्ट काढणाऱ्याने कण ठेवला आणि धागा टाकून दिला.

पुतणीने पुढे सांगितलं ते लॅबच्या लोकांना आवडेल. जाळं जोडणारी प्रथिनं वेगळी, तोडणारी वेगळी. जोडणारं बिघडवलं तर जाळ्याचा चुरा होतो आणि मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनएही हातातून जातो. तोडणारं बिघडवलं तर सगळं एकात एक गुंतून मच्छरदाणी होते. आणि दोन्ही बिघडवली तर? आकार पुन्हा जवळपास पहिल्यासारखा. भांडणाऱ्या दोघी जावा एकदम माहेरी गेल्या की घर दिसतं तसं. जोडणाऱ्या प्रथिनाचं नाव एफझेडओ-१. त्यातल्या एफझेडओचा अर्थ विचारला तर म्हणे, "केसाळ कांदे." मला वाटलं, चेष्टा करते. चेष्टा नव्हती. हे जीन १९९७ मध्ये आधी फळमाशीत सापडलं. नर माशीत शुक्रपेशी तयार होताना मायटोकॉन्ड्रिया एकमेकींना जुळून एकावर एक गुंडाळल्या जातात, आणि त्याचा छेद कापलेल्या कांद्यासारखा दिसतो. हे जीन बिघडलं की जुळणं होत नाही, कांद्याला केस फुटल्यासारखे दिसतात. ज्याने आयुष्यभर वर्गासाठी कांदे सोलले त्याला हे तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर.

पुन्हा मायक्रोस्कोपकडे येतो. रंग न घालता काही दिसत नाही म्हटल्यावर जानस ग्रीन बी मागवला. १९०० मध्ये मिखाएलिस यांनी दाखवून दिलं की हा रंग जिवंत पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांना निळसर-हिरवा करतो. बाकी पेशीत त्याचा रंग उडतो, मायटोकॉन्ड्रियात काही वेळ टिकतो, कारण श्वसनाची यंत्रणा तिथे आहे. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यावर हे या मायक्रोस्कोपने बेफाम दिसलं. निळे बारीक कण पेशीद्रवाच्या धारेबरोबर वाहताना मी मोबाइल लावून शूट केलेत. (मोबाइलचा अॅडॉप्टर फालतू आहे. रबरबँड लावला.) यीस्टमध्ये पेशीच्या कडेला निळसर डाग आले, जाळं काही आलं नाही. यीस्टची मायटोकॉन्ड्रियाची नळी एक-तृतीयांश मायक्रॉनच्या आसपास जाड, म्हणजे या भिंगाच्या हद्दीच्या अगदी काठावर. एखादी नळी एकटी असती तर दिसली असती, गर्दीत सगळं मिसळून जातं. विकत घेणाऱ्याने एवढं धरून चालावं: कांद्यात हो, यीस्टमध्ये डाग.

पण मला मायटोकॉन्ड्रिया दिसायला हवी होती ती कळीत जाताना. पुतणी म्हणाली होती, कळी फुटल्या फुटल्या मायटोकॉन्ड्रिया आत शिरायला लागते, केंद्रक कितीतरी नंतर येतं. पेशीला मायटोकॉन्ड्रिया नव्याने घडवता येत नाही, असलेलीच वाढवावी लागते. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसं. म्हणून आईने कळीला थोडी दिलीच पाहिजे. माणसाच्या पेशीत हा लांबचा प्रवास मायक्रोट्यूब्यूल नावाच्या प्रथिनांच्या नळ्यांवरून होतो. यीस्टमध्ये अॅक्टिन या प्रथिनाच्या दोऱ्या आईकडून कळीकडे ताणलेल्या असतात, आणि मायो-२ नावाचं मोटर प्रथिन त्यांच्यावरून जाळ्याचं टोक ओढत नेतं. सगळंच ओढून नेलं तर आई रिकामी. म्हणून आईकडच्या जाळ्याला पडद्याशी खुंटी असते. त्या प्रथिनाचं नाव नम-१. एक टोक खुंट्याला, दुसरं निघालेलं, आणि मध्ये ताणली गेलेली नळी. क्लिपमध्ये कळीच्या मानेत ती नळी अशी बारीक होऊन आत जाते की नकळत आपलाच श्वास अडकतो.

यात एक निवडही आहे. चांगल्या स्थितीतली मायटोकॉन्ड्रिया जास्त करून कळीत जाते, थकलेली आईकडे उरते. आई वीस-तीस कळ्या देऊन म्हातारी होते, लेक मात्र बहुतेक वेळा कोवळीच निघते. केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. रावेर-यावलकडे जुन्या बागेतून मुनवे (बुंध्याशी फुटणारी रोपं) काढताना तलवारीसारख्या पानांचे, जोमदार तेवढेच घेतात. फरक एवढाच की तिथे निवडणारा माणूस असतो.

हे सगळं या मायक्रोस्कोपमधून दिसत नाही. मग मी जे केलं त्याला मायक्रोस्कोप लागतच नाही, आणि या रिव्ह्यूतला माझ्या आवडीचा भाग तोच.

पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी या माणसाने १९४० च्या दशकात बेकरीचंच यीस्ट प्लेटवर पसरलं, तेव्हा शेकड्यात एखादी वसाहत (एका पेशीपासून वाढलेला ठिपका) कायम बुटकी निघायची. तिला पेटिट म्हणतात, फ्रेंचमध्ये लहान. त्या बुटकीची पोरं, नातवंडं, पणतवंडं, सगळी बुटकी. अॅक्रिफ्लेविन रंग घातला तर झाडून सगळीच बुटकी व्हायची. हे १९४९ मध्ये छापून आलं. पुढे कळलं की बुटकीत मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गळालेला किंवा मोडलेला असतो. तिला श्वसन जमत नाही, ती निव्वळ साखर आंबवून जगते. हे अॅक्रिफ्लेविन आज मत्स्यालयाच्या दुकानात माशांच्या औषधात मिळतं, तेच पिवळं पाणी.

तशाच प्लेटा घरी लावायला मी जळगावच्या सायंटिफिकवाल्याकडून आगर (खाद्य गोठवणारी पूड), पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणलं. ग्लिसरीन मेडिकलमधून. ग्लिसरीन तीन टक्के, ग्लुकोज नावाला, ०.१ टक्का. घरच्या कुकरमध्ये वीस मिनिटं शिजवलं. (बायको: "उद्या त्यात डाळ मी लावणार नाही.") युक्ती अशी: थोडं ग्लुकोज संपेपर्यंत सगळ्या वसाहती वाढतात. मग ग्लिसरीनवर जगायला श्वसन लागतं, तिथे बुटकी थांबते. चौथ्या दिवशी प्लेट उजेडात धरली. लापशीच्या रंगाच्या टपोऱ्या वसाहती आणि मधेच तीन ठिपके, खसखशीएवढे. बियाण्याची उगवणशक्ती तपासायला टीटीसी नावाचा रंग वापरतात, तो एका ओळखीच्या बियाणेवाल्याकडून चिमूटभर आणला आणि पातळ आगरमध्ये मिसळून वरून ओतला. तासाभराने मोठ्या वसाहती लालबुंद. तिन्ही ठिपके पांढरे. ज्यांना श्वास आहे त्याच रंगल्या.

खात्री म्हणून तशाच दुसऱ्या, न रंगवलेल्या प्लेटवरच्या ठिपक्यातून टूथपिकने थोडं उचलून दोन प्लेटांवर रेघ ओढली. एक साखरेची, एक निव्वळ ग्लिसरीनची. साखरेवर वाढलं, ग्लिसरीनवर आठ दिवसांनीही कोरी रेघ. आईकडून जे आलं नाही ते आलंच नाही. मला इतका आनंद झाला की मी कपाटातून तो २५ चा आयपीस काढून उगाच एकदा पुसला.

मे महिन्यात पुन्हा प्लेटा लावल्या, तेव्हा खसखस जास्त पडली. एका प्लेटवर अकरा. वरच्या खोलीवर पत्रे आहेत, दुपारी आत ३८-३९ सहज. हात खराब झाला म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. पुतणीला सांगितलं तर म्हणे, "आप्पा, तुमचा हात नाही, तुमचं गाव. जास्त उष्णतेत वाढवलं की पेटिट वाढतात, हे १९५० च्या दशकातच लोकांनी दाखवलंय." माझ्या चार प्लेटा म्हणजे काही संशोधन नव्हे. पण तेव्हापासून प्लेटा माठाशेजारी ओल्या गोणपाटावर ठेवतो.

एक गोष्ट तिने बोलता बोलता सांगितली आणि मला अजून पुरती पचलेली नाही. आपल्यात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो, १६,५६९ अक्षरजोड्यांचा. यीस्टचा त्याच्या पाचपट, पंचाऐंशी हजारांच्या घरात. आणि यीस्टच्या दोन पेशींचं लग्न लागतं तेव्हा दोघांचाही येतो. पहिल्या लेकीत दोन्हींची सरमिसळ असते. पण प्रत्येक कळीत थोड्याच प्रती जातात, त्यामुळे वीसेक पिढ्यांत वाटण्या होऊन बहुतेक पेशींत एकच जात उरते. आमच्या भावकीत तीन पिढ्या झाल्या, वाटणी अजून तहसीलमध्ये आहे.

आता कामाचं. एलईडी चांगला, चार्जिंगची बॅटरी आहे, लाइट गेली तरी दोन तास चालतो, आणि आमच्याकडे हे महत्त्वाचं. कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड गोळा करणारं भिंग) मधोमध आणायचे स्क्रू नाहीत, उजेड एका कडेला झुकतो. चाळीसवरून शंभरवर गेलं की फोकस सुटतो, पुन्हा शोधावा लागतो, आणि नवशिका इथेच स्लाइड फोडतो. बारीक फोकसचं बटण दोन महिन्यांत सैल झालं, स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची फळी, आपोआप खाली सरकते. मी आतला वॉशर बदलला, पण तुम्ही एकतीस वर्षं लॅबमध्ये काढलेली नसतील. सर्व्हिसवाल्याला चार फोन केले. तिघांनी फोटो मागितला, चौथ्याने विचारलं की स्टेज म्हणजे काय.

पोरांसाठी घेत असाल तर घ्या, कांद्याचा पापुद्रा, यीस्टची कळी, डबक्याच्या पाण्यातलं पॅरामेशियम, सगळं उत्तम दिसतं. मायटोकॉन्ड्रियासाठी घेत असाल तर ८,४०० ऐवजी ग्लिसरीनची बाटली घ्या. आणि खोकं लगेच रद्दीत देऊ नका. वॉरंटी कार्ड खालच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं असतं. माझं सापडलं, तेव्हा त्यावर तेल सांडलेलं होतं आणि तारीख वाचता येत नव्हती.